'हॉट' म्हणजे गरम की तिखट? इंग्रजीतून डॅनिश करताना पुन्हा पुन्हा होणारी चूक कशी शोधावी

आमच्या इमारतीत महिन्यातून एकदा सगळे बिऱ्हाडकरू एकत्र जेवतात. डेन्मार्कमध्ये नवी होते तेव्हा पहिल्यांदा मी पिठलं, भाकरी आणि वाटीभर ठेचा नेला होता. कुणाला त्रास नको म्हणून वाटीशेजारी चिठ्ठी ठेवली: 'जपून, मायेत वार्म'. मनात इंग्रजी 'व्हेरी हॉट' होतं. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बोटांची पाठ वाटीला लावून पाहिली. वाटी गार. बिचारीचा पदार्थ निवला, अशा समजुतीच्या चेहऱ्यानं ते माझ्याकडे बघून हसले आणि मोठा चमचाभर ठेचा उकडलेल्या बटाट्यावर घातला. पुढचं लिहीत नाही.

डॅनिशमध्ये 'वार्म' म्हणजे हाताला लागतं ते गरम. जिभेला लागतं त्याला 'स्टेर्क' म्हणतात. ठेच्याला मी जन्मात कधी 'गरम' म्हटलं नव्हतं. तिखट आणि गरम हा फरक मला दोन वर्षांची असल्यापासून ठाऊक होता. मध्ये इंग्रजी आलं आणि तो पुसला गेला.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत ओळखीच्या मराठी मंडळींचे मेसेज, घरमालकाला लिहिलेल्या चिठ्ठ्या, बालवाडीला पाठवायचे निरोप, पुण्याहून आलेल्या ॲपच्या एक्सेल शीट असं बरंच काही माझ्याकडे 'जरा बघून दे' म्हणून आलं. चुका निरनिराळ्या दिसतात, पण दुखणं बहुतेकदा हेच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. डॅनिश शब्द मी स्पेलिंगवरून देवनागरीत उतरवले आहेत. खरा उच्चार वेगळाच असतो, अर्धी अक्षरं घशातच राहतात, तेव्हा माझ्या देवनागरीवर विसंबून बोलायला जाऊ नका.

आधी लक्षणं

व्याकरणाची चूक असली की डॅनिश माणूस ती मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. उच्चार चुकला तर 'काय?' असं विचारतो. आपली चूक या दोन्हींपेक्षा वेगळी वागते:

– वाक्य त्याला नीट कळतं, पण भलतंच कळतं. उत्तर येतं तेही त्या भलत्याचंच.
– समोरचा क्षणभर थांबतो, ओठ दाबतो आणि इंग्रजीवर येतो.
– भाषांतराच्या ॲपमधून वाक्य परत इंग्रजीत आणलं तर ते अगदी बरोबर दिसतं. हे लक्षण सगळ्यात फसवं आहे, त्याबद्दल खाली सविस्तर.
– चूक नेहमी छोट्या, रोजच्या शब्दात असते. 'फोटोसिंथेसिस' कधी चुकत नाही. 'टाइम', 'फ्री', 'राइट', 'लाइट', 'थिंक' हे चुकतात.

एका मुलानं घर शोधताना जाहिरात लिहिली होती. त्याला रिकामा फ्लॅट हवा होता, म्हणजे 'फ्री अपार्टमेंट', म्हणून त्यानं लिहिलं 'ग्रातिस'. ग्रातिस म्हणजे फुकट. कोपनहेगनमध्ये फुकट फ्लॅट! आठवडाभर एकही उत्तर आलं नाही. रिकामं, मोकळं यासाठी शब्द आहे 'लेदिग', संडासाच्या कडीवर आतून कुणी नसेल तेव्हा दिसतो तोच. सुट्टी असणं किंवा बंधन नसणं याला तिसरा शब्द, 'फ्री'. तो दिसायला इंग्रजीसारखा, म्हणून आणखी धोक्याचा.

पहिली तपासणी: इंग्रजी शब्द खोडा, तिथे मराठी लिहा

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका इथेच सापडतात. डॅनिश शब्द शोधण्याआधी त्या जागी मराठीत काय म्हणाल ते लिहा. एका इंग्रजी शब्दाला मराठीत दोन वेगळे शब्द सुचले, तर डॅनिशमध्येही दोन असण्याची दाट शक्यता आहे.

'लेटर' घ्या. पत्र की अक्षर? पत्र असेल तर 'ब्रेव', अक्षर असेल तर 'बोग्स्ताव'. 'डेट': तारीख 'दातो', खजूर 'दाद्देल'. 'नेल': बोटाचं नख 'नेगल', भिंतीतला खिळा 'स्योम'. 'सेव्ह': फाइल जपून ठेवायची तर 'गेम्मे', पैसे वाचवायचे तर 'स्पारे', जीव वाचवायचा तर 'रेद्दे'. 'आस्क': प्रश्न विचारणं 'स्प्योर्गे', काही मागणं किंवा करायची विनंती 'बेदे'. 'इफ'सुद्धा मराठीत आपोआप सुटतो. 'तो आला तर' यातल्या 'तर'साठी 'व्हिस'. 'तो येतो की नाही मला माहीत नाही' यातल्या 'की नाही'साठी 'ओम'. इंग्रजीवरून शिकणारे या जोडीत वर्षभर अडकतात.

'नो' या क्रियापदाची गंमत तर बघण्यासारखी आहे. गोष्ट माहीत असणं 'विदे', माणूस किंवा गाव ओळखीचं असणं 'केंदे', भाषा येणं 'कुन्ने'. मराठीत माहीत आहे, ओळखतो, येतं. तीनाला तीन. त्यात 'विदे' हा आपल्या 'विद्' धातूचा सख्खा भाऊ, म्हणजे 'वेद' आणि 'विद्या' त्याच घरातले. आणि 'केंदे' निघतो 'ज्ञा'च्या घराण्यातून. 'मला माहीत आहे' हे डॅनिशमध्ये लिहिताना क्रियापद 'वेद' असंच दिसतं. हे कळल्यावर मी ही जोडी पुन्हा चुकले नाही.

नात्यांमध्ये तर मराठी माणसानं इंग्रजीला उंबरठ्याच्या आतच घेऊ नये. मामा 'मोरब्रोर', काका 'फारब्रोर', मावशी 'मोस्टर', आत्या 'फास्टर'. शब्दच सांगतात: आईचा भाऊ, बापाचा भाऊ. लग्नानं आलेली मामी आणि काकू 'टान्टे', मावशीचा नवरा 'ओंकेल'. एका ताईंनी बालवाडीला कळवलं होतं की आज 'ओंकेल' न्यायला येईल, आणि आला सख्खा मामा. तिथल्या बाईंना काही वावगं वाटलं नाही, डॅनिश लोकही ओंकेल सैलपणे वापरतात. पण मुलगी मात्र म्हणाली, 'ओंकेल नाही, मोरब्रोर'. आजी-आजोबांना तिथे आपल्यापेक्षाही काटेकोर शब्द आहेत: आईची आई 'मोरमोर', वडिलांची आई 'फारमोर'.

आणि 'हिज'. 'ही लव्हज हिज वाइफ' याचं डॅनिश करताना स्वतःची बायको असेल तर 'सिन', दुसऱ्या कुणाची असेल तर 'हान्स'. चुकीचा शब्द पडला की वाक्यातून संसार मोडतो. मराठीत 'आपल्या बायकोवर' आणि 'त्याच्या बायकोवर' हा फरक आहेच. फक्त आपण बोलताना हल्ली सगळीकडे 'त्याच्या'च म्हणतो, म्हणून मुद्दाम थांबून विचारावं लागतं. एक सावधगिरी: आपलं 'आपला' मी, तू, तो, ते सगळ्यांना चालतं. 'सिन' फक्त एकट्या तिसऱ्याला. 'ते आपल्या मुलांवर' असेल तर 'सिन' नाही, 'देरेस'.

घड्याळाचंही सांगते, कारण त्यापायी एकजण डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचला. डॅनिश 'हाल्व ट्रे' म्हणजे शब्दशः 'अर्धे तीन'. इंग्लंडमध्ये राहिलेला माणूस 'हाफ थ्री' ऐकून साडेतीनला जातो. डॅनिश माणूस अडीचला बोलावत असतो. 'अडीच' हा शब्द ज्याच्या भाषेत आहे त्यानं इथे चुकू नये: तिसरा अजून अर्धाच झालाय. डॅनिश आकड्यांतही हेच बसलंय, पन्नासच्या शब्दाचा मूळ अर्थ अडीच विसा आणि साठचा तीन विसा. माझी आजी अंडी अशीच मोजायची.

दुसरी तपासणी: शब्द एकटा पाठवला होता का?

भाषांतराच्या खिडकीत एकच शब्द टाकला तर यंत्र सगळ्यात जास्त वापरातला अर्थ उचलतं. त्याला दुसरा मार्गच नाही. पूर्ण वाक्य द्या, शक्यतो आजूबाजूच्या दोन ओळींसह. 'लाइट' म्हटलं तर दिवाही असतो, हलकंही असतं. 'स्वयंपाकघरातला लाइट लागत नाही' म्हटलं की वाद उरत नाही. दिवा आणि उजेड 'ल्यूस', वजनाला हलकं 'लेट'. मुळात बल्बच गेला असेल तर शब्द 'पेरे', ज्याचा दुसरा अर्थ फळांतला पेअर. म्हणजे अनेक अर्थांचा उपद्रव एकट्या इंग्रजीचा नाही.

थेट मराठीतून डॅनिश करून बघायलाही हरकत नाही, पण मराठी आणि डॅनिश शेजारी शेजारी असलेला मजकूर जगात फार थोडा, त्यामुळे निकालावर मी पैज लावणार नाही. मराठी डोक्यात ठेवा आणि यंत्राला असं इंग्रजी द्या ज्यात दुसरा अर्थ निघूच शकत नाही. 'हॉट' ऐवजी 'स्पायसी', 'फ्री' ऐवजी 'व्हेकंट'. 'राइट' ऐवजी 'करेक्ट' लिहिलं की 'रिग्टिग' मिळतं आणि 'होय्रे', म्हणजे उजवा हात, आपोआप बाहेर राहतो.

तिसरी तपासणी: उलटं भाषांतर करून खात्री करत असाल तर ते थांबवा

हे जवळजवळ सगळेच करतात, आणि याच सवयीमुळे चूक वर्षानुवर्षं टिकते. ठेच्याच्या चिठ्ठीवरच बघा. 'हॉट' टाकलं, 'वार्म' आलं. 'वार्म' परत इंग्रजीत नेलं, 'हॉट' आलं. झालं, जुळलं! पण जुळणारच होतं. ज्या शब्दात दोन अर्थ एकत्र गुंडाळलेत त्याच शब्दाकडे आपण परत आलो, आणि मध्ये कुठला अर्थ गळाला ते त्या शब्दात दिसायची सोयच नाही. 'फ्री', 'ग्रातिस', 'फ्री'. 'लेटर', 'ब्रेव', 'लेटर'. दर वेळी शंभर टक्के गुण आणि दर वेळी नापास.

उलटतपासणी करायचीच असेल तर इंग्रजीच्या बाहेर करा. वस्तू असेल तर डॅनिश शब्द टाकून चित्रं शोधा. 'नेगल' टाकून बोटं दिसली आणि तुम्हाला भिंतीत ठोकायचं होतं, तर उत्तर समोरच आहे. वस्तू नसेल तर पुढची तपासणी.

चौथी: डॅनिश-डॅनिश शब्दकोश

'देन दान्स्के ओर्बोग' हा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे. डॅनिश भाषा आणि साहित्य संस्थेनं तो २००३ ते २००५ मध्ये सहा खंडांत छापला होता, आता घरबसल्या मिळतो. प्रत्येक शब्दाचे अर्थ क्रमांक देऊन वेगळे केलेले असतात आणि खाली वापरलेली वाक्यं असतात. व्याख्या कळली नाही तरी ती वाक्यं बघा. 'स्टेर्क' काढलात तर ताकदवान माणूसही सापडेल आणि झणझणीत मोहरीही.

इंग्रजी-डॅनिश शब्दकोशाला मी दुसरा नंबर देते. तिथे एका शब्दासमोर स्वल्पविराम देत सहा शब्द असतात, आणि घाईतला माणूस पहिला उचलतो.

नाम असेल तर 'एन' की 'एत' हेही तिथेच बघून घ्या. 'एन न्योग्ले' म्हणजे किल्ली, 'एत न्योग्ले' म्हणजे लोकरीचा गुंडा. आणि कीबोर्डवरची 'की' यातली एकही नाही, ती 'टास्ट'.

पाचवी: जिथे मराठीही हात वर करते

इथे पहिली तपासणी चालत नाही, कारण मराठीतही एकच शब्द आहे. यासाठी मी स्वतःपुरते प्रश्न ठरवलेत.

'थिंक', म्हणजे आपलं 'वाटतं'. प्रश्न: चाखलंय का? स्वतः अनुभवून मत देत असाल तर 'स्युनेस'. खात्री नाही, अंदाज आहे, तर 'ट्रो'. डोकं चालवणं, विचार करणं हे 'टेंके'. यजमानांच्या टेबलावर तोंडात घास असताना 'जेवण छान आहे असं वाटतं' हे 'ट्रो' लावून म्हणालात, तर त्याचा अर्थ 'छान असावं बहुतेक' असा होतो. मी हे केलेलं आहे. पुन्हा बोलावलं त्यांनी, पण वर्षानं.

'व्हेन': प्रश्न विचारताय तर 'वोर्नॉर', आपलं 'केव्हा'. 'जेव्हा' असेल तर विचारा, ते एकदाच घडून गेलं का? गेलं असेल तर 'दा', दर वेळी घडत असेल किंवा पुढे घडायचं असेल तर 'नॉर'. डॅनिश शाळेत मुलांना हे पाठ करून घेतात: 'देन गांग दा, वेर गांग नॉर'. त्या वेळी दा, दर वेळी नॉर.

'गो': पायी की वाहनानं? 'गॉ' म्हणजे मुळात चालणं. डॉक्टरकडे किंवा योगाच्या क्लासला जाण्यासाठी ते चालतं. पण कोपनहेगनहून 'मी उद्या ऑरहूसला गॉ' म्हटलं तर ऐकणारा मनात वाटेतला स्टोरबेल्टचा समुद्र बघतो आणि तुमचे पाय बघतो. गावाला जायचं तर 'टागे'.

'पुट': वस्तू आडवी राहणार की उभी? पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं तर 'लेग्गे', बाटली उभी ठेवली तर 'स्टिल्ले'. तिसरा 'सेट्टे' आहे, त्याचे नियम मी अजून शेजारणीला विचारते.

सहावी: ॲपची बटणं आणि सुटे शब्द

हे ॲपवाल्यांसाठी. व्यायामाच्या ॲपची एक शीट माझ्याकडे आली होती, चारशे ओळी, प्रत्येक ओळीत एकदोन इंग्रजी शब्द, शेजारी कुणीतरी भरलेलं डॅनिश. 'चेस्ट'समोर लिहिलं होतं 'किस्टे'. किस्टे म्हणजे पेटी, आणि रोजच्या बोलण्यात शवपेटीसुद्धा. सोमवारचा व्यायाम: शवपेटी, तीन फेऱ्या. छातीला 'ब्रुस्ट' हवं होतं. 'काफ'समोर गायीचं वासरू होतं, पोटरी नव्हती. आणि 'बॅक' दोनदा आलं होतं, दोन्हीकडे 'टिल्बागे', म्हणजे मागे जा. एक खरंच मागे जायचं बटण होतं. दुसरी पाठ होती, तिला 'र्‍यूग'.

भरणाऱ्याची चूक नाही, त्याला पडदा दिसतच नव्हता. इथे शब्दकोश उघडण्याआधी ज्यानं शीट पाठवली त्याला स्क्रीनशॉट मागा आणि प्रत्येक ओळीला एक रकाना वाढवायला सांगा: हे बटण आहे, शीर्षक आहे की अवयव? 'ऑर्डर' म्हणजे 'मागवा', 'मागणी' की 'क्रम', हे त्या रकान्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मुळात कोडमध्ये एकच इंग्रजी शब्द दोन ठिकाणी वापरला असेल तर प्रोग्रामरला तिथे दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. भाषांतरकाराच्या हातात ते नसतं.

सातवी: डॅनिश माणसाला विचारा, पण असं नाही

'हे बरोबर आहे का?' असं विचारू नका. व्याकरण ठीक असेल तर तो सभ्यपणे हो म्हणेल. 'हे तुला वाचायला मिळालं, तर यावरून तू काय करशील?' असं विचारा. ठेच्याची चिठ्ठी कुणाला आधी दाखवून हे विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, 'वाटी उचलताना फडकं घेईन'. तिथेच कळलं असतं. शब्दाच्या वापराबद्दल खरीच शंका असेल तर १९५५ साली स्थापन झालेलं डॅनिश भाषा मंडळ लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतं. तिथे भाषांतर करून मिळत नाही, डॅनिश शब्दाबद्दलच विचारायचं.

इथे थांबा, स्वतः करू नका

औषधं. 'टाइम'मुळे. इंग्रजी 'थ्री टाइम्स' वरून एकानं लिहिलं होतं 'ट्रे टीमेर'. डॅनिश 'टीमे' म्हणजे तास. तीन वेळा यासाठी 'ट्रे गांगे' हवं. गोळी दिवसातून तीनदा आणि गोळी तीन तास, यात गंमत नाही. दवाखान्यात दुभाषा मागा, वेळ ठरवतानाच सांगा. आपल्या दहा वर्षांच्या मुलाला मध्ये उभं करू नका, त्याचं डॅनिश कितीही चांगलं असलं तरी. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ ला सरळ इंग्रजीत बोला.

भाडेकरार, नोकरी सोडण्याची किंवा काढण्याची पत्रं, घटस्फोट, मुलांचा ताबा, पोलिसात द्यायचा जबाब: यातला एकही कागद माझ्याकडे आला तर मी परत पाठवते. नुसत्या 'राइट'वर कोर्टात वर्षं जातात. हक्क या अर्थानं डॅनिश शब्द 'रेत', आणि त्याच 'रेत'चे न्यायालय आणि ताटातला पदार्थ हेही अर्थ आहेत.

पैसे देऊन भाषांतर करून घेताना एक माहीत असू द्या. डेन्मार्कमध्ये पूर्वी सरकारमान्य भाषांतरकार असत. तो कायदा १ जानेवारी २०१६ पासून रद्द झाला, त्यामुळे नुसत्या शिक्क्याकडे बघून निवड करता येत नाही. ज्या कचेरीत कागद द्यायचा तिथे आधी विचारा की त्यांना कुणाचं भाषांतर चालतं. भाषांतरकाराला पूर्ण कागद द्या, एक परिच्छेद कापून नको. आणि ज्या शब्दांवर तुमचं अडलंय त्यांच्याखाली रेघ मारून शेजारी समासात लिहा की तुम्हाला काय म्हणायचंय: 'फ्री' म्हणजे इथे रिकामं, 'डेट' म्हणजे इथे तारीख.